विंडोज १० नंतरचा जुना संगणक : ऑपरेटिंग सिस्टीम, सुरक्षा आणि साठवण

२९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही; त्यामुळे या बदलाचे गांभीर्य अनेकांच्या ध्यानी आले नाही. फायली उघडतात, छपाई होते; मात्र प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवणारे सुरक्षा अपडेट आपोआप येत नाहीत. वेगळी नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर करण्यात आली.

ऑपरेटिंग सिस्टीम

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा किंवा त्या तोडीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीतील असंख्य जुने संगणक या अटीत बसत नाहीत. त्यांच्यापुढे लिनक्सचा पर्याय आहे. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. उबुंटू आणि लिनक्स मिंट ही त्यावर उभारलेली परिचित रूपे विनामूल्य मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही भारतीय भाषांचा विचार करून ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली तयार केली आहे. लिनक्सची बहुतेक रूपे संगणकात न बसवता पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात.

संगणकप्रेमींचा लिनक्सविषयीचा उत्साह रास्त असला, तरी कामाचे स्वरूप पाहूनच निर्णय घ्यावा. टॅली, पेजमेकर यांसारखी सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनलेली नाहीत. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका आणि छापखान्यांतील पुस्तके अशा फायलींत असतील, तर जुना संगणक चालू असतानाच त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हिताचे ठरते.

सुरक्षा

अँटिव्हायरस असला की जुनी प्रणालीही निर्धोक होते, हा समज फसवा आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभरातील संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाजही विस्कळीत झाले. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, त्यांचे संगणक उघडे राहिले.

विंडोज १० मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस अंगभूत आहे. नव्या व्हायरसांची ओळख पटवणारी माहिती त्याला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. पण पहारेकरी सावध असला, तरी भिंतीचे भगदाड त्यामुळे बुजत नाही. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. उलट ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो.

साठवण

जुन्या संगणकाच्या मंदपणाचे कारण पुष्कळदा प्रोसेसर नसून हार्ड डिस्क असते. तिच्यात फिरत्या तबकड्यांवरून माहिती वाचली जाते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने संगणक सुरू होण्याचा वेळ लक्षणीयरीत्या घटतो. मात्र एसएसडी बिघडली तर माहिती परत मिळवणे अनेकदा अधिक कठीण असते, आणि वीजजोडणीविना दीर्घकाळ पडून राहिल्यास तिच्यातील माहिती क्षीण होऊ शकते. म्हणून कपाटात जपायच्या प्रतीसाठी ती एकमेव आधार मानू नये.

जपणुकीचा रूढ नियम ‘३-२-१’ असा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. बॅकअपची डिस्क संगणकाला कायम जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर तिच्यापर्यंतही पोहोचते. काम झाल्यावर ती काढून ठेवावी.

बदल करताना क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम सर्व फायलींची प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. त्यानंतर डिस्क बदलावी आणि शेवटी नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी. प्रणाली पुन्हा बसवता येते, डिस्क पुन्हा विकत मिळते. एकमेव प्रत पुसली गेली, तर तिला पर्याय नसतो.