इंटरनेट दूरध्वनी : स्वस्त कॉलचा खरा हिशेब

पालम (प्रतिनिधी) : पालमसारख्या तालुक्याच्या गावातील अडत व्यापाऱ्याला नांदेड, परभणी, मुंबई येथे वारंवार फोन करावे लागतात. एसटीडीच्या बिलावर उपाय म्हणून इंटरनेट दूरध्वनीकडे पाहिले गेले. भारतात १ एप्रिल २००२ पासून त्यास मर्यादित परवानगी मिळाली. देशांतर्गत फोनशी जोडणीला मात्र मनाई होती. परवानाधारक कंपन्यांना ती मुभा २०१८ मध्ये मिळाली.

यंत्रसामग्री : एका साध्या फोनसाठी अडॅप्टर पुरतो; अनेक विस्तारित जोडण्यांसाठी गेटवे किंवा आयपी पीबीएक्स लागतो. १९९९ मध्ये आलेली ‘अ‍ॅस्टरिस्क’ ही संगणक प्रणाली मोफत आहे; ती बसवून देणाऱ्याची मजुरी मात्र द्यावीच लागते.

छुपा खर्च : तांब्याच्या तारेवरील लँडलाइनला एक्स्चेंजमधून वीज मिळते. येथे वीज गेली की राउटर आणि फोन दोन्ही बंद पडतात. म्हणून यूपीएस हवा. एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८० ते ९० किलोबिट प्रतिसेकंद वेग लागतो. संकोचन केल्यास सुमारे ३०. शिवाय बिघाड झाल्यास तंत्रज्ञ येईपर्यंत बुडणारा धंदा हिशेबात धरावा.

कायदा : परवान्याविना बाहेरचे कॉल स्थानिक फोनवर वळविणे हा गुन्हा आहे.

निष्कर्ष : सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील एसटीडीचा वेगळा भार जवळपास संपला. त्यामुळे एकाच दुकानासाठी केवळ कॉल वाचविण्याकरिता हा खर्च परवडत नाही. अनेक शाखा, एकच क्रमांक आणि संभाषणाची नोंद हवी असेल, तरच तो भरून निघतो.