‘पंच’ची कुळकथा

वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर एखाद्या घरीं चार पाहुणे यावयाचे असले, म्हणजे सकाळींच एका मोठ्या काचपात्रांत पाहुणचाराचें पेय सिद्ध करून ठेवण्यांत येतें. त्याचें प्रमाण तेथील लोकांस आपल्या पाढ्यांप्रमाणें तोंडपाठ असतें: आंबट एक भाग, गोड दोन भाग, कडक तीन भाग आणि सौम्य चार भाग. आंबट म्हणजे कागदी लिंबाचा रस, गोड म्हणजे साखरेचा पाक, कडक म्हणजे रम, आणि सौम्य म्हणजे पाणी, बर्फ किंवा अननस-संत्र्यांचा रस. त्यावर कडू अर्काचे चार थेंब सोडावयाचे, पेय कांहीं तास मुरूं द्यावयाचें आणि पाहुण्यांच्या हातीं पेला देतांना वरून जायफळ किसावयाचें. कडक तेवढें वगळलें तर हें आपल्या घरचें लिंबाचें सरबतच होय. आपण जायफळाऐवजीं वेलदोडा टाकतों, इतकाच भेद. या पेयाला तेथें ‘रम-पंच’ म्हणतात.

‘पंच’ हा शब्द ऐकतांच मराठी माणसाचे कान टवकारल्याशिवाय राहात नाहींत. पंचामृत, पंचगव्य, पंचखाद्य यांच्या पंक्तीला बसणारा हा शब्द सात समुद्रांपलीकडे मद्याच्या पात्रावर जाऊन कसा बसला? तो आपलाच असल्याचें पुष्कळदां मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येतें. अभिमानाला हरकत नाहीं; परंतु इतिहासांत अभिमानाच्या आधीं दप्तर पाहावें लागतें.

दप्तर असें सांगतें. या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १६३२ सालचा आहे आणि तो विलायतेंतील नसून हिंदुस्थानांतील आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट ॲडम्स नांवाच्या नोकरानें कारोमांडल किनाऱ्यावरील पेटापोली येथल्या वखारीस लिहिलेल्या पत्रांत पंच पिण्याविषयीं एक थट्टेचें वाक्य आहे. म्हणजे त्या वेळीं हें पेय वखारवाल्यांच्या चांगल्या परिचयाचें होतें. पुढें १६३८ सालीं मँडेल्स्लो नांवाचा एक तरुण जर्मन प्रवासी सुरतेस आला. इंग्रजांच्या सहवासांत त्यानें जें पेय घेतलें त्याचें नांव तो ‘पालेपुंत्झ’ असें कांहींतरी विचित्र लिहितो, आणि त्यांतील पदार्थ सांगतो: मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर. हे पदार्थ चारच झाले, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. औरंगजेबाच्या कारकीर्दींत बंगाल पाहिलेला फ्रेंच वैद्य बर्निये ‘बूलपाँज’ असा शब्द देतो. हा ‘बोल ऑफ पंच’, म्हणजे वाडगाभर पंच, याचाच फ्रेंच अपभ्रंश. अरक, लिंबाचा रस, पाणी व वर किसलेलें जायफळ अशी त्याची कृति. चवीला बरें, पण शरीराला घातक, असा त्या वैद्याचा अभिप्राय आहे. त्यानें एक मोलाची गोष्ट सांगून ठेविली आहे, ती ही कीं, बंगालमधील हा अरक गुळाच्या काकवीपासून काढलेला असे. काकवीपासून काढलेलें मद्य म्हणजे जातीनें रमच. तेव्हां बर्नियेचें बूलपाँज हें नांवानें नसलें तरी गुणानें रम-पंचच होतें.

पांचांचा उल्लेख येतो तो आपल्या किनाऱ्यावरच. जॉन फ्रायर हा कंपनीचा शस्त्रवैद्य १६७३ सालीं हिंदुस्थानांत आला. शिवाजी महाराजांच्या काळच्या मुंबईचें आणि जुन्नरचें त्यानें केलेलें वर्णन मराठी अभ्यासकांस परिचित आहे. १६९८ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत तो गोव्याजवळच्या नेरूळ गांवाचा निर्देश करितो. तेथें उत्तम अरक होतो, त्यापासून या किनाऱ्यावरील इंग्रज ‘पाँच’ नांवाचें, माणसाला गलितगात्र करणारें मद्य बनवितात, आणि हिंदुस्थानींत या शब्दाचा अर्थ पांच असून पांच पदार्थांवरून तें नांव पडलें, असें तो स्पष्ट म्हणतो. नेरूळचा हा अरक माडाच्या सुरेचा. गोव्यांतील रेंदेर आणि कोकण-मुंबईंतील भंडारी माडावर चढून पोय छेदीत, गळणारा रस मडक्यांत धरीत आणि तो आंबला म्हणजे भट्टीवर चढवीत. ‘अरक’ हा शब्द अरबी; त्याचा मूळ अर्थ घाम. भट्टीच्या नळीवर थेंब थेंब जमणाऱ्या वाफेला याहून समर्पक नांव सुचणें कठीण.

मग निकाल काय? यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालीं काढलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशांत पांचांवरील व्युत्पत्ति मान्य केली आहे. पण ऑक्सफर्डचे कोशकार तिच्याविषयीं साशंक आहेत. मद्याच्या मोठ्या पिंपाला इंग्रजींत ‘पंचन’ म्हणत, त्याचें हें खलाशांनीं केलेलें संक्षिप्त रूप असावें असा दुसरा पक्ष आहे. पदार्थांची संख्या तर प्रत्येक साक्षीदाराच्या जबानींत बदलते. कोणी चार सांगतो, कोणी जायफळ धरितो, कोणी गुलाबपाणी. तरीहि पिंपवाल्या पक्षाजवळ समकालीन साक्षीदार नाहीं आणि पांचवाल्या पक्षाजवळ फ्रायर आहे. शिवाय पहिले सर्व उल्लेख हिंदुस्थानशीं संबंध असलेल्या लोकांचे आहेत. तेव्हां पेय येथें जन्मलें हें जवळजवळ निश्चित, आणि नांवहि येथलें असण्याचा संभव अधिक, येथपर्यंत जाण्यास प्रत्यवाय नाहीं. त्यापलीकडे जाऊं नये. पंचामृतावरूनच पंच निघाला असें म्हणणारे लोक कल्पनेच्या भरांत जातात. त्याला तिळमात्र आधार नाहीं.

इंग्रजांना या पेयाची गरज कां पडली, हें उघड आहे. विलायतेची बिअर लांबच्या सफरींत व उष्ण हवेंत नासे, द्राक्षमद्य फार महाग पडे, आणि स्थानिक अरक नुसता घशाखालीं उतरत नसे. लिंबू आणि साखर यांनीं त्याचा दाह शमविला. खलाशांबरोबर हें पेय लंडनला पोंचलें आणि तेथील सुखवस्तु घरांत तें एक समारंभ होऊन बसलें. मेजावर चिनी मातीचा थोरला वाडगा येई. यजमान स्वतः साखरेच्या कठीण ढेपेवर लिंबाची साल घासून सालींतील सुगंधी तेल साखरेंत उतरवी, मग रस, मग ऊन पाणी, मग मद्य. डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीतला कर्जबाजारी मिकॉबर लिंबें व साखर हातीं येतांच आपलीं सारीं दुःखें विसरून पंच करण्यांत दंग होतो, तें चित्र पुष्कळांना आठवत असेल. पण तोंपर्यंत वाडग्यांतील मद्य बदललें होतें. अरकाची जागा रमनें घेतली होती.

हा बदल चवीचा नव्हे, बाजाराचा होता. अरकाला अर्धी पृथ्वी ओलांडून यावें लागे. रम अटलांटिकच्या पलीकडूनच मिळे. बार्बेडोसवर इंग्रजांनीं १६२७ सालीं वसाहत केली आणि १६४० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तें बेट उंसानें भरून गेलें. साखर केल्यावर उरणारी मळी कोण विकत घेणार? ती आंबवून भट्टीवर घातली कीं तिचें मद्य होई. रिचर्ड लिगन हा इंग्रज १६४७ ते १६५० या काळांत त्या बेटावर राहिला. त्यानें आपल्या १६५७ सालच्या ग्रंथांत या मद्याचें तेथील नांव नोंदविलें आहे. त्याचा अर्थ ‘सैतानमारी’. यावरून आरंभीच्या रमची चव काय असेल याची कल्पना येते.

या साऱ्या उद्योगाला हात लागत ते आफ्रिकेंतून बांधून आणलेल्या माणसांचे. अटलांटिकवरील गुलामांच्या व्यापारांत सुमारें सव्वा कोट माणसें जहाजांवर चढविण्यांत आलीं, आणि त्यांतील फार मोठा भाग उंसाच्या मळ्यांवर खपला. तोडणीच्या हंगामांत चरक आणि काहिली रात्रंदिवस चालत. झोपेनें पेंगणाऱ्या माणसाचा हात चरकाच्या लाटांत सांपडला तर तो तोडण्यासाठीं जवळच कोयता ठेवलेला असे. जमैकांतील या पेयाचें आजहि जगभर चालणारें नांव ‘प्लँटर्स पंच’, म्हणजे मळेवाल्याचा पंच, असें आहे. ऊंस तोडणाऱ्याचें नांव कोणत्याहि पेल्याला मिळालें नाहीं.

मेजवानीच्या मेजावरील हा हिशेब विलायतेंतील गृहस्थांपुढें उघडपणें मांडला गेला तो १७९१ सालीं. त्या वर्षीं एप्रिलमध्यें गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्बरफोर्स यांचा ठराव पार्लमेंटनें फेटाळला. त्यानंतर विल्यम फॉक्स यांनीं एक लहानसें पत्रक काढलें. त्याच्या नांवांतच वेस्ट इंडीजची साखर व रम वर्ज्य करण्याचें आवाहन होतें. फॉक्स यांचा युक्तिवाद शाळेंतल्या त्रैराशिकासारखा होता: आठवड्याला पांच पौंड साखर व त्या मानानें रम खपविणाऱ्या कुटुंबानें एकवीस महिने ती सोडली, तर एका माणसाचें दास्य किंवा मृत्यु टळेल. या हिशेबाच्या काटेकोरपणाविषयीं शंका घेतां येईल. त्याच्या परिणामाविषयीं घेतां येत नाहीं. पत्रकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. या चळवळीचे एक धुरीण टॉमस क्लार्कसन यांनीं साखर सोडणाऱ्यांची संख्या तीन लाख दिली आहे. मताधिकार नसलेल्या स्त्रियांच्या हातीं स्वयंपाकघर होतें, आणि ही चळवळ मुख्यतः त्यांनींच चालविली. १७९२ सालीं गिलरे या व्यंगचित्रकारानें खुद्द राजाराणी मुलींना बिनसाखरेचा चहा पाजीत असल्याचें चित्र काढून या व्रताची थट्टा केली. ज्या गोष्टीची थट्टा व्यंगचित्रकार करितो ती घरोघर पोंचलेली असते.

या बहिष्कारांत हिंदुस्थानचें नांव एका वेगळ्या रीतीनें पुढें आलें. साखर हवी पण गुलामांची नको, अशा कुटुंबांसाठीं व्यापाऱ्यांनीं बंगालची साखर आणली. आणि पुढें १८२० नंतरच्या काळांत, आंतील साखर ईस्ट इंडीजची असून गुलामांनीं केलेली नाहीं, अशीं अक्षरें काढलेल्या साखरदाण्या इंग्रज घरांत दिसूं लागल्या. हिंदुस्थानांत दास्य नव्हतें असें नव्हे. त्याचें कायदेशीर अस्तित्व येथें १८४३ सालीं संपलें. तरी साखरदाणीवरच्या त्या अक्षरांत सत्याचा अंश पुष्कळ होता. दुर्दैव असें कीं, तो फार काळ टिकला नाहीं.

१८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश वसाहतींतील गुलाम मुक्त झाले. त्यांच्या मालकांना दोन कोट पौंडांची भरपाई मिळाली, गुलामांना कांहींच मिळालें नाहीं. शिकाऊ उमेदवारीच्या नांवाखालीं त्यांना आणखी कांहीं वर्षें राबविण्यांत आलें तें १८३८ सालीं संपलें, आणि मळेवाल्यांनीं नव्या हातांसाठीं पूर्वेकडे पाहिलें. मॉरिशसला करारबंद हिंदी मजूर १८३४ पासूनच जाऊं लागले होते; ब्रिटिश गियानांत पहिलीं दोन जहाजें ५ मे १८३८ रोजीं लागलीं; त्रिनिदादमध्यें पहिलें जहाज ३० मे १८४५ रोजीं आलें. त्रिनिदादला पुढें एकूण एक लाख चव्वेचाळीस हजारांच्या आसपास माणसें गेलीं, मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास. मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई बंदरांतून निघालेलीं कोंकणांतील मराठी कुटुंबेंहि होतीं. त्यांच्या वंशजांनीं गणेशोत्सव आजतागायत राखिला आहे. ज्या किनाऱ्यावर फ्रायरनें ‘पाँच’ शब्दाचा अर्थ टिपून घेतला, त्याच किनाऱ्याचीं माणसें दोन शतकांनंतर पंचांतील साखर पिकविण्यासाठीं गलबतांत भरण्यांत आलीं. रम त्यांच्याहि वांट्याला आली, पण पाहुणचाराच्या पात्रांतून नव्हे. मळ्यांलगत गुत्ते असत, आणि आठवड्याच्या मजुरीचा मोठा भाग तेथेंच आटोपे.

या करारपद्धतीविरुद्ध ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं ४ मार्च १९१२ रोजीं मध्यवर्ती कायदेमंडळांत ठराव मांडला. सरकारी मतांच्या बळावर तो नापास झाला. मजुरांची भरती थांबली ती १९१७ सालीं. तें पाहावयास गोखले राहिले नव्हते.

पंचावर किसण्याच्या जायफळाचाहि पत्ता मध्यंतरीं बदलला. पूर्वीं तें केवळ दूर पूर्वेच्या बांदा बेटांतून येई, आणि त्या बेटांवर मक्ता मिळविण्यासाठीं डचांनीं १६२१ सालीं तेथील लोकांचा संहार केला होता. १८४३ सालीं जायफळाचीं रोपें वेस्ट इंडीजमधील ग्रेनेडा बेटावर लागलीं, आणि १९७४ सालीं तें बेट स्वतंत्र झालें तेव्हां त्याच्या निशाणावर जायफळाचें चित्र आलें. त्रिनिदादची सरकारी साखर-कंपनी २००३ सालीं बंद झाली. आतां तेथील भट्ट्या बाहेरून आणलेल्या मळीची रम काढतात. पेल्यावरचें जायफळ मात्र जवळच्या ग्रेनेडाहून येतें.