आमचे लग्न, चार सेकंद उशिरा

लग्न करायला फारशी अक्कल लागत नाही, हे माझ्या उदाहरणावरून सिद्ध झालेलेच आहे. पण झालेले लग्न डीव्हीडीवर चढवायला दोन महिने, इंजिनिअरिंगला जाणारा एक मुलगा आणि विमा एजंटाची चिकाटी लागते, हा शोध मला २००६ साली वाशीच्या घरी लागला.

आमचे लग्न १९८६ चे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास दूरदर्शन रंगीत झाले आणि पाठोपाठ व्हिडिओ लग्नमंडपात शिरला. खांद्यावर कॅमेरा घेतलेला गृहस्थ आणि त्याच्यामागे प्रखर दिवा धरलेला पोरगा, ही जोडी नवरा-नवरीपेक्षा जास्त मिरवत असे. कॅसेट व्हीएचएसची. जपानच्या जेव्हीसी कंपनीने ती १९७६ साली आणली. सोनीची बेटामॅक्स वर्षभर आधीची. पण सुरुवातीला ती तासाभरात संपे आणि व्हीएचएस दोन तास चाले. तासाभरात आमच्याकडे रुसलेले व्याहीसुद्धा मांडवात येत नाहीत. व्हीएचएस जिंकणारच होती!

आमची कॅसेट वीस वर्षे कपाटात शालूखाली पडून होती. एके दिवशी सौ. म्हणाली, "अहो, हिला बुरशी आलीय." खाडीचा दमट वारा लोणच्याला सोडत नाही, तो कॅसेटला काय सोडणार! माझ्या पोटात गोळा आला. लग्नासाठी नव्हे, लग्न चालूच होते. त्या कॅसेटमध्ये बाबा होते. ते १९९१ साली गेले. फोटो भरपूर आहेत, पण त्यांचा आवाज साऱ्या जगात त्या एका कॅसेटमध्ये होता. तोही एवढाच. आडव्या आलेल्या व्हिडिओवाल्याला ते म्हणतात, "अहो, जरा बाजूला व्हा. लग्न माझ्या मुलाचं आहे, तुमचं नाही!"

एका जाणकाराकडून फीत पुसून आणली. चिरंजीवांनी तीन वायरी जोडून व्हीसीआर आणि कॉम्प्युटर यांचे लग्न लावले. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. थोड्या वेळाने आतून हाक आली, "बाबा, चव्वेचाळीस हजार शंभरवर आहे, अठ्ठेचाळीस हजारावर न्यायला हवा."

मला वाटले, पोराला नोकरी लागली.

तो आवाजाबद्दल बोलत होता. कॉम्प्युटर एका सेकंदात आवाजाचे इतके नमुने टिपून ठेवतो. ४४,१०० हा आकडा १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचा. तो कुठून आला, ही गंमत ऐका. त्या काळी आकड्यांत उतरवलेला आवाज साठवायला सोयीची जागा म्हणजे व्हिडिओ टेप. तिच्यावर सेकंदाला ५० अर्धी चित्रे, प्रत्येकात वापरायला २९४ ओळी, ओळीत ३ नमुने. गुणाकार करून बघा, ४४,१००! अमेरिकेत ६० अर्धी चित्रे, २४५ ओळी, ३ नमुने, उत्तर तेच. म्हणजे हा आकडा जन्मला व्हिडिओच्या पोटी. पण डीव्हीडीच्या व्हिडिओने व्यावसायिक रिवाजाप्रमाणे ४८,००० धरले आणि पोटच्या पोराला घरात घ्यायचे नाकारले.

चित्राचे नियम वेगळे. आपल्याकडे एका चित्रात ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रे. एवढे सगळे ४.७ गिगाबाइटमध्ये बसवायचे, म्हणून एमपेग-२ नावाच्या पद्धतीने ते दाबतात. बरीचशी चित्रे पुरती न साठवता आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले, तेवढेच टिपायचे. आमचे मामेसासरे तासभर एकाच कोचावर न हलता बसले होते, त्यामुळे पुष्कळ जागा वाचली.

चौथ्या दिवशी आम्ही सगळे बघायला बसलो. बाबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग पडद्यावर मामा जिलबी खाताना दिसले आणि बाबा कडाडले, "अहो, जरा बाजूला व्हा!" मामांनी मुकाट्याने दुसरी जिलबी उचलली.

"कॉम्प्युटर जुना आहे बाबा," चिरंजीव म्हणाले. "त्याला दम लागतो. चित्रं गळतात, आवाज मात्र सगळा उतरतो. शंभर चित्रं गळली की चार सेकंद गेले."

सिनेमात आवाज जुळवायला फळी आपटतात. आमच्या लग्नात पाहुण्यांनी टाळ्या वाजवून ती सोय करून ठेवली होती. चिरंजीवांनी लग्नाचे तुकडे केले आणि टाळीला टाळी जुळवत बाबांचा आवाज बाबांच्या तोंडात परत नेऊन घातला.

"आता बर्न करायची," तो म्हणाला.

"शुभकार्याचं जाळता काय रे?" सौ. कडाडली.

तबकडीतल्या रंगाच्या थरावर लेसरचे चटके देऊन खुणा उमटवतात, म्हणून ते जाळणे. पहिल्या खेपेला शेवटच्या चटक्यांच्या आधीच वीज गेली. त्या तबकडीवर सौ. अजून चहाचा कप ठेवते.

दुसरी न्यू जर्सीला ताईकडे पाठवली. तिचा फोन आला, "अरे, नुसता निळा पडदा दिसतोय. बाबा कुठायत?" आपल्या टीव्हीची पद्धत ५० आवर्तनांच्या विजेवर बेतलेली, त्यांची ६० च्या, तिथे सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे लागतात. पुन्हा सगळे तसे करून पाठवले. या वेळी ताई बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "थांब, परत एकदा लावते."

या धंद्याचे मूळपुरुष म्हणजे सावेदादा भाटवडेकर. त्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. ती आज कुणाला पाहायला मिळत नाही. २०१६ साली फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. ते बनवणारी ती शेवटची कंपनी होती. आता नव्या कॉम्प्युटरला डीव्हीडीची फटही नसते. आम्ही लग्न पेनड्राइव्हवर, तिथून फोनवर नेले आहे. कुठलेच भांडे कायमचे नसते. आई विरजण लावायची, तसेच हे. कालच्यातले चमचाभर आजच्या दुधात घालायला विसरलात, की संपले.

परवा ताईच्या पाच वर्षांच्या नातीने फोनवर विचारले, "आजोबा, तुमचे बाबा कुणाला रागावतात?"

"व्हिडिओवाल्याला," मी म्हणालो. "मामांना नाही हं!"