युन्नान ते ल्हासा : वाटेवरच्या मशिदींचा इतिहास

चीनच्या नैऋत्य भागातून तिबेटच्या पठारावर जाणाऱ्या सहली आता नव्या राहिलेल्या नाहीत. दहा-बारा जणांचा गट, सोबत गाईड आणि ठरलेला मार्ग : कुनमिंग, दाली, लीजियांग, शांग्रिला आणि शेवटी ल्हासा. सुमारे १,९०० मीटर उंचीवरून निघायचे आणि ३,६५० मीटरवर पोहोचायचे. तिबेटमध्ये परदेशी पर्यटकाला मनाला येईल तसे फिरता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, तो प्रवासी कंपनीमार्फतच काढावा लागतो आणि गाईड सोबत असावा लागतो. त्यामुळे काय पाहायचे आणि त्याविषयी काय ऐकायचे, या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आधीच ठरलेल्या असतात.

या ठरलेल्या यादीत दालीचे तीन पॅगोडे असतात, लीजियांगची जुनी पेठ असते, पोताला राजवाडा असतो. मुसलमान भेटतो तो बहुधा जेवणाच्या वेळी. 'छिंगचेन' म्हणजे हलालची पाटी लावलेली खानावळ, डोक्यावर पांढरी टोपी घातलेला मालक आणि त्याने हाताने ओढलेल्या शेवया. पर्यटक फोटो काढतो आणि पुढे जातो. हा माणूस इथे आला कसा, त्याचे पूर्वज कोण, या प्रश्नांसाठी बस थांबत नाही. वस्तुतः या संपूर्ण मार्गावर सातशे वर्षांचा मुस्लिम इतिहास पसरलेला आहे. तो समजून घेतला की आपल्याकडच्या काही प्रश्नांकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते.

बुखाऱ्याचा सय्यद, युन्नानचा सुभेदार

तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजच्या युन्नानवर दालीचे स्वतंत्र राज्य होते. १२५३ मध्ये कुबलाई खानाने ते जिंकले. मंगोलांनी जिंकलेल्या प्रदेशांचा कारभार पाहायला अनेकदा मध्य आशियातले मुसलमान अधिकारी नेमले जात. त्यांपैकी एक होते बुखाऱ्याचे सय्यद अजल शम्सुद्दीन उमर. १२७४ मध्ये कुबलाईने त्यांना युन्नानचा कारभार सोपवला आणि १२७९ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते तिथेच राहिले.

अवघी पाच वर्षे. पण युन्नानच्या इतिहासात या पाच वर्षांना मोठे स्थान आहे. कुनमिंगजवळच्या त्येन सरोवराचे पाणी दरवर्षी शहरात आणि शेतांत शिरे. सय्यद अजल यांनी नदीवर बांध घातला, कालवे काढले आणि सरोवराचे जादा पाणी वाहून जाण्यासाठी वाट मोकळी केली. पुरात जाणारी जमीन लागवडीखाली आली. स्थानिक लोकांचा व्यवहार कवड्यांत चालायचा. साम्राज्यात इतरत्र कागदी चलन असताना, इथल्या लोकांना ते परिचयाचे नाही म्हणून कवड्या चालू ठेवू द्याव्यात, अशी विनंती त्यांनी दरबाराला केली. त्यांनी मशिदी बांधल्या आणि त्याचबरोबर कुनमिंगमध्ये कन्फ्यूशियसचे मंदिर व शाळाही उभारली.

त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा नासिरुद्दीन पुढे आला. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनातही त्याचा उल्लेख आहे. युन्नानमध्ये ना, सू, ला, दिंग अशी आडनावे असलेली मुस्लिम घराणी आहेत. 'नासुलादिंग' या नावाच्या चिनी उच्चाराचे चार तुकडे होऊन ही आडनावे पडली, अशी त्यांची परंपरा सांगते. ती शब्दशः खरी असो वा नसो, बुखाऱ्याहून आलेल्या माणसाचे वंशज चिनी आडनावाने, चिनी भाषेत, चिनी मातीत रुजले हे त्यातून दिसते.

हाजीचा मुलगा दर्यासारंग होतो

याच त्येन सरोवराच्या दक्षिण काठावर कुनयांग आहे. १३७१ मध्ये इथल्या 'मा' घराण्यात एक मुलगा जन्मला. वडील आणि आजोबा दोघेही 'हाजी' म्हणून ओळखले जात. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराळ मुलुखातली दोन पिढ्यांतली माणसे हजची ओढ बाळगून होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना मिंग घराण्याच्या फौजांनी युन्नान जिंकले. तो पकडला गेला, त्याचे खच्चीकरण करण्यात आले आणि राजपुत्र झू दी याच्या सेवेत त्याची रवानगी झाली. पुढे झू दी सम्राट झाला आणि हा मुलगा 'चंग ह' या नावाने चीनच्या आरमाराचा प्रमुख. १४०५ ते १४३३ या काळात त्याच्या सात समुद्रसफरी झाल्या. मलबारचे कालिकत हे त्यांतले महत्त्वाचे बंदर होते. सोबत मा हुआन नावाचा मुस्लिम दुभाषी होता. त्याने लिहिलेले वर्णन हा त्या काळच्या भारतीय किनाऱ्याच्या अभ्यासाचा मोलाचा आधार आहे.

श्रीलंकेत गॉल इथे चंग हच्या मोहिमेचा एक शिलालेख सापडला आहे. तो तीन भाषांत आहे. चिनी मजकुरात बुद्धाला, तमिळ मजकुरात विष्णूरूप देवाला आणि फारसी मजकुरात अल्लाहला उद्देशून अर्पण केलेल्या भेटींची नोंद आहे. समोरचा माणूस ज्या भाषेत आणि ज्या श्रद्धेत जगतो, त्याच भाषेत त्याच्याशी बोलण्याची ही रीत होती.

दालीची सल्तनत आणि तिचा शेवट

दालीत सहलीचा गट बहुधा दोन दिवस थांबतो. जुन्या शहरातले संग्रहालयही काही जण पाहतात. ही वास्तू एकेकाळी तू वेनश्यू या माणसाचे मुख्यालय होती. परदेशी पत्रव्यवहारात त्याचे नाव येते 'सुलतान सुलेमान'.

एकोणिसाव्या शतकात युन्नानच्या चांदी-तांब्याच्या खाणींवरून हान आणि ह्वेई, म्हणजे चिनी मुसलमान, यांच्यात वाद वाढले होते. बाहेरच्या प्रांतांतून हान लोक मोठ्या संख्येने येऊन स्थायिक होत होते. १८४५ मध्ये बाओशानमध्ये मुसलमानांची कत्तल झाली. तू वेनश्यू तिथलाच. त्याने थेट बीजिंग गाठून दाद मागितली. हाती फारसे काही लागले नाही. मे १८५६ मध्ये कुनमिंगमध्येच हजारो मुसलमान मारले गेले, आणि त्यात स्थानिक अधिकाऱ्यांचा हात होता. त्यानंतर युन्नानभर उठाव पेटला. त्याच वर्षी तू वेनश्यूने दाली घेतली आणि पुढची सोळा वर्षे तिथून राज्य केले.

इंग्रजांनी या उठावाला 'पांथे बंड' म्हटले आणि बरेच जण त्याला 'मुसलमानांचे बंड' म्हणून मोकळे झाले. पण डेव्हिड अ‍ॅटविलसारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की दालीच्या राजवटीत हान आणि डोंगरी जमातींचे लोकही अधिकारपदांवर होते. लढा मांचू सत्तेविरुद्ध आहे, हान आणि ह्वेई यांनी एकत्र नांदावे, अशी त्यांची जाहीर भूमिका होती.

याच काळातले दुसरे नाव मा दशिन यांचे. कुराणाच्या चिनी अनुवादाला हात घालणारे हे मोठे आलिम. १८४१ मध्ये ते ब्रह्मदेशामार्गे हजला गेले आणि अरब जगात काही वर्षे अभ्यास करून परतले. लढाई लांबू नये, सत्तेशी तडजोड व्हावी, असे त्यांचे मत होते. १८६२ मध्ये त्यांच्या गटाचा सेनानी मा रूलोंग छिंग दरबाराला शरण गेला आणि पुढे आपल्याच धर्मबांधवांविरुद्ध लढला.

तू वेनश्यूने आपला मुलगा हसन याला मदत मागायला लंडनला पाठवले. इंग्रजांना युन्नानच्या व्यापारी मार्गात रस होता, तिथल्या माणसांत नव्हता. हसन रिकाम्या हाताने परतला. २६ डिसेंबर १८७२ रोजी शहर वाचावे या आशेने तू वेनश्यू विष घेऊन पालखीतून शत्रूच्या छावणीत गेला. शहर वाचले नाही; त्यानंतर दालीत हजारो लोक कापले गेले. आणि दीड-दोन वर्षांत, १८७४ मध्ये, तडजोडीचा पुरस्कार करणारे ऐंशी वर्षांचे मा दशिनही सत्तेने मारून टाकले. जो लढला तोही गेला आणि ज्याने समेट केला तोही. 'मवाळ व्हा म्हणजे सुरक्षित राहाल' असा सल्ला अल्पसंख्याकांना देणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

वाचलेले अनेक जण ब्रह्मदेशात गेले. मंडालेतली पांथे मशीद त्याआधीचीच, १८६८ची आहे.

चहा आणि घोड्यांची वाट

दालीहून उत्तरेला जाणारा रस्ता जुन्या 'चहा-घोडा मार्गा'चा भाग आहे. युन्नानचा चहा खेचरांवर लादून तिबेटला जायचा, तिकडून घोडे, लोकर, कस्तुरी यायची. खेचरांचे तांडे चालवण्यात ह्वेई मुसलमान वाकबगार होते. वेइशानजवळच्या दोंगल्येनहुआ गावात अशा तांडेवाल्यांचे वाडे अजून पाहायला मिळतात. पुढे झोंगद्येन लागते. २००१ मध्ये सरकारने पर्यटनासाठी त्याचे नाव एका इंग्रजी कादंबरीतल्या काल्पनिक प्रदेशावरून 'शांग्रिला' ठेवले. कल्पनेतले गाव नकाशावर आले. खरे तांडेवाले मात्र माहितीपत्रकात मावले नाहीत.

ल्हासाचे 'खाचे'

तिबेटी भाषेत मुसलमानाला 'खाचे' म्हणतात. मूळ अर्थ काश्मिरी. काश्मीर आणि लडाखमधून व्यापारासाठी आलेले मुसलमान ल्हासात राहिले, तिबेटी बायकांशी लग्ने केली आणि दोन-तीन पिढ्यांत घरची भाषा तिबेटी झाली. चीनकडून आलेल्यांना वेगळे ओळखण्यासाठी 'ग्या खाचे' म्हणत.

सतराव्या शतकात पाचव्या दलाई लामांनी त्यांना मशीद आणि दफनभूमीसाठी ल्हासाच्या पश्चिमेला जागा दिली. एक मुसलमान टेकडीवर एकटाच नमाज पढतो हे लामांनी पाहिले, चौकशी केली आणि मग धनुर्धारी पाठवून चारही दिशांना बाण सोडायला लावले. बाण पडले तिथपर्यंतची जमीन मुसलमानांची, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी सवलती खऱ्या होत्या. समाजाचे आपसातले तंटे पाच जणांचे मंडळ शरियतप्रमाणे सोडवी. या मंडळाला 'पोन्ज' म्हणत. शब्द ऐकताच आपला 'पंच' आठवतो. बौद्धांच्या पवित्र महिन्यात मांसविक्रीला बंदी असे, तिच्यातून मुसलमानांना सूट होती.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. 'खाचे फालू' या नावाने ओळखला जाणारा नीतिपर ग्रंथ तिबेटी साहित्यात लोकप्रिय आहे. त्यात बौद्ध आणि इस्लामी विचार एकाच ओघात येतात, आणि तो बौद्ध घरांतही वाचला जातो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' ज्यांना माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. माणूस ज्या भाषेत स्वप्ने पाहतो, त्याच भाषेत तो ईश्वराविषयी बोलतो.

लेहहून ल्हासाला दर तीन वर्षांनी 'लोपचक' नावाचा नजराण्याचा तांडा जाई. बौद्ध राज्यांमधल्या १६८४च्या तहातून ही प्रथा आली, पण प्रत्यक्षात तांड्याचा कारभार अनेकदा लेहच्या मुस्लिम व्यापारी घराण्यांकडे असे. अब्दुल वाहिद राधू यांनी १९४०च्या दशकातल्या अशा शेवटच्या तांड्याच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत.

तुम्ही नेमके कुठले?

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि ल्हासाच्या खाचेंपुढे प्रश्न उभा राहिला. चीनचे म्हणणे होते, तुम्ही चिनी नागरिक आहात. खाचेंचे म्हणणे होते, आमचे पूर्वज काश्मीरचे, आम्ही भारतीय. त्यांच्यावर मोठा दबाव आला. अखेर १९६० मध्ये भारत सरकारने त्यांचा दावा मान्य केला आणि बहुतेक कुटुंबे कालिंपोंग, दार्जिलिंग, गंगटोकमार्गे भारतात आली. पुढे अनेक जण श्रीनगरच्या ईदगाह परिसरात स्थायिक झाले.

गोष्ट इथे संपत नाही. नागरिकत्व भारताचे मिळाले, पण २०१९ पर्यंत लागू असलेल्या जम्मू-काश्मीरच्या कायद्यानुसार 'राज्याचे कायम रहिवासी' म्हणून त्यांना मान्यता मिळेना. त्यामुळे तिथे जमीन घेता येईना, सरकारी नोकरी मिळेना. तिबेटमध्ये ते शतकानुशतके 'काश्मिरी' होते. काश्मीरमध्ये आल्यावर 'तिबेटी' ठरले. घरात तिबेटी बोलतात, ताटात मोमो असतात, नमाज पढतात, पासपोर्ट भारताचा. कोणत्या रकान्यात त्यांना बसवायचे हे कोणत्याच कारकुनाला उमगले नाही.

युन्नानमध्ये राहिलेल्यांचीही परीक्षा संपलेली नव्हती. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात मशिदी बंद झाल्या. १९७५ मध्ये शाद्येन गावाने त्या उघडण्याचा आग्रह धरला तेव्हा सैन्य घुसले आणि सुमारे १,६०० माणसे मारली गेली. १९७९ मध्ये सरकारने चूक मान्य केली. अलीकडे मशिदींवरचे घुमट 'परदेशी' म्हणून उतरवले जात आहेत. २०२३ मध्ये तोंगहाय तालुक्यातल्या नागू इथे लोक त्याविरोधात रस्त्यावर आले. शाद्येनच्या मोठ्या मशिदीचे घुमटही काढून तिथे चिनी धाटणीचे छत बसवले गेले.

खरे तर चीनमधल्या जुन्या मशिदी चिनी धाटणीच्याच आहेत. उतरती कौलारू छपरे, लाकडी खांब, अंगण. ती शैली तिथल्या मुसलमानांनी स्वतःहून, कोणी न सांगता स्वीकारली होती. सातशे वर्षे जी गोष्ट आपलेपणाने घडत आली, ती आता हुकमाने करून घेतली जाते. आपलेपणा आणि हुकूम यांतून उभ्या राहणाऱ्या इमारती लांबून सारख्या दिसतात, पण आत सजद्यात वाकणाऱ्या माणसाला फरक कळतो.

मराठी मुसलमानालाही 'तुम्ही मराठी फार छान बोलता हो' असे कौतुक ऐकावे लागते. त्या कौतुकात 'तुम्ही नेमके कुठले?' हा प्रश्न दडलेला असतो. कुनमिंगच्या कालव्यांनी, दालीच्या उद्ध्वस्त सल्तनतीने आणि ल्हासाच्या पोन्जने या प्रश्नाला आपापले उत्तर देऊन ठेवले आहे : जिथे आमच्या कबरी आहेत, जिथली भाषा आमच्या मुलांच्या तोंडी आहे, तिथले.

या मार्गाने सहलीला जाणार असाल तर पोताला जरूर पाहा. पण ल्हासाच्या जुन्या पेठेत बारखोरजवळ एक छोटी मशीद आहे. गाईडला तिचा पत्ता विचारा. यादीत नसली तरी ती तिथे आहे.