क्लिंगॉनांचे कपाळ : एका विसंगतीचा इतिहास
‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत क्लिंगॉन ही शत्रुजमात १९६७ मध्ये अवतरली, ती सपाट कपाळाची, गडद रंगाची, झुकत्या मिशांची. शीतयुद्धकाळातील ‘पौर्वात्य’ शत्रूची ही प्रतिमा बेताच्या खर्चातही बसणारी होती. १९७९ च्या चित्रपटात पैसा आला आणि त्याच कपाळांवर हाडांच्या वळ्या उमटल्या. कथेने त्याची दखल घेतली नाही.

१९९६ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’मधील पात्रे कालप्रवास करून जुन्या मालिकेच्या चित्रणातच शिरली, तेव्हा दोन्ही कपाळे समोरासमोर आली. खुलासा विचारताच वळ्यांचा वर्फ एवढेच सुचवतो, की हा विषय परक्यांशी बोलण्याचा नव्हे. हा विनोद खराच. पण विसंगती मान्य करून ती उघडी ठेवण्याचा प्रामाणिकपणा या मौनात आहे.

२००५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ने ते मोडले. जनुकीय प्रयोगातून पसरलेल्या विषाणूमुळे कपाळे सपाट झाली, असा खुलासा दोन भागांत रचला गेला. कथाविश्व सुसंगत झाले. तथापि ज्या वांशिक कल्पनेतून १९६७ चा चेहरा घडला, तिच्या जागी एक आजार आला. रंगभूषेचा इतिहास शरीराचा इतिहास ठरला. त्यातही विपर्यास असा, की या कथेनुसार ती सपाट कपाळे मानवी जनुकांचीच देणगी आहेत.