1859 ची टाकी, 1890 चा आश्रम

बोटीवरच्या संडासाची टाकी वास का मारते? बंद टाकीतला ऑक्सिजन संपला की हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला कुजवायला लागतात. त्यातून निघणाऱ्या मिथेनला वास नसतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. फ्लशला समुद्राचं पाणी असेल तर त्यातल्या सल्फेटमुळे तो आणखी वाढतो. यावर दोन मार्ग आहेत: टाकीत हवा खेळती ठेवायची, किंवा टाकी घट्ट बंद करून वायू नळीने बाहेर काढायचा.

या दुसऱ्या मार्गाच्या इतिहासात मुंबई आहे. 1895 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉन यांनी बंद सेप्टिक टाकी बांधली आणि तिच्यातला वायू दिव्यांसाठी वापरला. पुढच्या काही वर्षांत माटुंग्याच्या महारोगी आश्रमातही मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवलं गेलं. ज्याचा त्रास व्हायचा, तेच इंधन झालं! त्या काळची पद्धत समजून घ्यायची असेल तर म्युनिसिपालिटीचे ड्रेनेज इंजिनियर सी. सी. जेम्स यांचं ‘ओरिएंटल ड्रेनेज’ (1902) हे पुस्तक बघा.

आता खरी गंमत. बायोगॅसवरचे पेपर उघडलेत तर प्रस्तावनेत हमखास वाक्य सापडतं: पहिला प्लांट 1859 मध्ये मुंबईत, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत. काही जण माटुंग्याचं नावही देतात. पण माटुंग्याचा आश्रम सुरू झाला 1890 मध्ये, म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या प्रयत्नांतून. मग एकतीस वर्षं आधी तिथे टाकी कुठून आली? काही लेखांत 1897 हे साल दिसतं. ते निदान आश्रमाच्या वयाशी जुळतं.

तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये असं ‘पहिलं’ आलं, तर आधी ती संस्था तेव्हा होती का ते तपासा. मग संदर्भाचा संदर्भ काढत त्या काळच्या कागदापर्यंत जा. इथे तो कागद म्हणजे कमिशनरचे वार्षिक अहवाल.

आणि एक. या सगळ्या पेपरांत टाकी आहे, वायू आहे, साल आहे. ज्यांच्या संडासांवर हा प्रयोग झाला ते रुग्ण मात्र ‘वसाहत’ या एका शब्दात संपतात. आश्रमाचं आज अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय झालंय, वडाळ्याला. पवईहून तासाभराच्या अंतरावर कुणाचा तरी प्रबंध वाट बघतोय.