मानसमित्र (सातारा-सांगली)

मनाच्या त्रासात असलेल्या माणसाचे ऐकून घेणारा, त्याला धीर देणारा आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे सोबत जाणारा प्रशिक्षित स्वयंसेवक म्हणजे मानसमित्र. या मदतीला ‘भावनिक प्रथमोपचार’ म्हणतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) आणि साताऱ्याची ‘परिवर्तन’ संस्था यांनी ही कल्पना रुजवली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर या कामात आघाडीवर आहेत. सगळेच मानसमित्र तरुण नसतात; अंनिसचे जुने कार्यकर्ते आणि शिक्षकही त्यांत आहेत. तरी महाविद्यालयांतल्या विवेकवाहिनीसारख्या उपक्रमांतून आलेल्या मुलामुलींमुळे हा विषय त्यांच्या घरांपर्यंत पोचतो.

हे काम इथे रुग्णालयातून सुरू झाले नाही, अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीतून वाढले. साताऱ्यात जन्मलेले आणि मिरजेत वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी १९८९ मध्ये अंनिस स्थापन केली; तिचे वार्तापत्र सांगलीहून निघत आले आहे. भानामती, करणी, अंगात येणे अशा तक्रारींच्या मागे गेलेल्या कार्यकर्त्यांना तिथे दुखणाईत माणूस भेटे. कुणाला रात्र रात्र झोप नाही, कुणाच्या कानात आवाज येतात, एखादी सून जाचाने बोलेनाशी झालेली. भूत नसते एवढे सांगून तिचे दुखणे हटत नाही. भांडाफोड करणाऱ्या कार्यकर्त्याला म्हणून शेजारी बसून ऐकायला शिकावे लागले. चळवळीचे हे वळण फार मोलाचे आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. पण कायदा मांत्रिकाला अडवतो, घरच्यांना पर्याय देत नाही. तो मानसमित्राने द्यायचा असतो.

गावात कुणी ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत नाही. ‘जीव घाबरतोय’, ‘डोकं भणभणतंय’, ‘कशातच मन लागंना’ अशा शब्दांत त्रास बाहेर येतो, आणि घरचे म्हणतात, ‘बाहेरचं असंल, दाखवून आणू.’ मग देवऋषी, अंगारा, लिंबू. मानसमित्र त्या घरात गेला की देवावरून वाद घालत नाही. ‘झोप लागती का? जेवण जातंय का?’ इथून तो सुरुवात करतो. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही सरळ विचारायचे असते. तसे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. निदान करणे आणि औषध सुचवणे हे त्याचे काम नव्हे.

तरुण असणे कधी आड येते. ‘कालचं पोर आम्हाला काय शिकवणार’ हे वाक्य बहुतेकांच्या वाट्याला येते. झिम्बाब्वेत २००६ पासून चाललेल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ने लोकांच्या मनाचे दुखणे ऐकायला बाकावर आज्यांना बसवले, त्यामागे वडीलधाऱ्या वयाचा मान होता. इथे मात्र कॉलेजातला मुलगा आपल्या वयाच्या मुलाशी जे बोलू शकतो, ते भावकीतल्या थोरल्यासमोर निघत नाही. भावकी हीच खरी अडचण. एका घरातली गोष्ट संध्याकाळी पारावर पोचते, आणि मुलीचे नाव झाले तर ‘लग्न जमायचं न्हाई’ ही भीती खोटी नसते. गुप्तता पाळता न येणाऱ्याने हे काम हाती घेऊ नये.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतून पोटासाठी माणसे बाहेर जातात. खानापूर-आटपाडीचे गलाई (सोने-चांदी गाळणारे) कारागीर देशभर पसरले आहेत. मागे राहिलेल्या बायका आणि म्हातारी माणसे यांचा एकटेपणा हा इथला मोठा प्रश्न. कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी वेगळी धास्ती ठेवली. २०२० च्या टाळेबंदीत मानसमित्रांनी फोनवरून आधार दिला.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला; सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये, त्यांतले एकही या दोन जिल्ह्यांत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा सरकारी क्रमांक फुकट उपलब्ध आहे. फोन लागला, उपचार सुरू झाले तरी पुढचे काम उरतेच: बरे वाटू लागले की गोळ्या बंद होतात. महिन्याने पुन्हा त्या दारात जाऊन ‘गोळ्या चालू हायेत ना?’ विचारणे हेही मानसमित्राच्या कामात मोडते.